पाटल्या काढण्याआधी हिशेबाची वही काढा

हल्ली कॉलेजातल्या मुलामुलींच्या तोंडी 'आम्ही शॉर्टफिल्म करतोय' हे वाक्य सारखं ऐकू येतं. पूर्वी मुलं एकांकिका बसवत, तेव्हा घरातून फार काही जात नसे. आईची जरीची साडी, शेजारच्यांचं टेबल आणि तालमीला चहा, एवढ्यावर भागायचं. लघुपटाचं तसं नाही. कॅमेरा भाड्याने, दिवे भाड्याने, आवाज टिपणारा माणूस रोजावर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत विद्यार्थ्यांना यंत्रसामग्री तरी संस्थेची मिळते. साध्या कॉलेजात मात्र बहुतेक पैसा मुलांनीच उभा करायचा असतो. आणि 'मुलांनीच' म्हणजे शेवटी कुणी, हे तुम्हां-आम्हांला वेगळं सांगायला नको!

माझ्या ओळखीच्या एका घरात गेल्या वर्षी हाच प्रश्न उभा राहिला. मुलगी शेवटच्या वर्षाला. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट तिला पडद्यावर आणायची होती. तिने घरी दीड लाख रुपये मागितले. वडील म्हणाले, "हे खूळ आहे." आई रात्री मला फोनवर म्हणाली, "तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या मोडू का गं?" याच घरात थोरल्या मुलाने दुकान टाकायचं म्हणून पैसे मागितले होते, तेव्हा त्याला कुणी खूळ म्हटलं नव्हतं. मुलाने मागितलं की ते भांडवल होतं. मुलीने मागितलं की लग्नाचं काय, हा प्रश्न आधी येतो. त्यामुळे पाटल्यांचं उत्तर देण्याआधी मी त्या माउलीला एवढंच विचारलं, "दीड लाख कशाकशाला, हे तिने लिहून दिलंय का?" नव्हतं दिलं.

अशा वेळी कुणीतरी हमखास दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण देतं. सरस्वतीबाईंनी नाही का दागिने दिले? दिले, खरंच. पण त्याआधी काय घडलं तेही पाहावं. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आल्यावर फाळक्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र'साठी हात पसरले नाहीत. कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, त्याला कोंब फुटून वेल कशी वाढते याची ठरावीक वेळाने एकेक चित्रं घेतली आणि जेमतेम मिनिटभराचा चित्रपट केला. तो निवडक मंडळींना दाखवला, आणि मग कर्ज देणारा माणूस पुढे आला. म्हणजे आधी नमुना आणि मग मागणी. शिवाय सरस्वतीबाई नुसत्या दागिने देऊन माजघरात गेल्या नाहीत. अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, साऱ्या नटमंडळींचा स्वयंपाक, हे सगळं त्यांनी केलं. ३ मे १९१३ रोजी चित्रपट गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा पैसा कुठे गेला हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सत्यजित राय यांच्या पत्नी बिजोया यांचेही दागिने 'पथेर पांचाली'साठी गहाण पडले होते. तरीही पुरेना, शेवटी बंगाल सरकारचा पैसा मिळाला तेव्हा १९५५ साली चित्रपट पुरा झाला. तेव्हा दागिने दिले की काम भागतं, असं इतिहासही सांगत नाही.

आता वहीकडे वळू. मंगळागौर नाहीतर बारसं घरी करताना आपण जसा अंदाज काढतो, तसाच इथेही काढायचा. बारा मिनिटांचा चित्रपट, तीन दिवस चित्रण, चौदा माणसं धरा. दोन वेळची जेवणं म्हणजे चौऱ्याऐंशी ताटं! त्यावर नाश्ता, आणि दिवसातून तीनदा म्हटलं तरी सव्वाशे कप चहा. मुलं कागदावर कॅमेऱ्याच्या भिंगाचं नाव बिनचूक लिहितात आणि जेवणासमोर 'इतर' असं लिहून मोकळी होतात. ही बाजू आपल्याला कळते, ती आपण सांभाळावी. भाताचं मोठं पातेलं आणि आमटी घरून गेली, तर बाहेरच्या डब्यांचे केवढे पैसे वाचतात!

मुलं विसरतात ते दुसरं म्हणजे चित्रणानंतरचा खर्च. संकलन, आवाजाचं मिश्रण, रंग सारखे करणं, महोत्सवांची प्रवेश फी. सगळा पैसा तीन दिवसांत उडतो आणि चित्रपट वर्षभर हार्ड डिस्कवर पडून राहतो, अशी उदाहरणं थोडी नाहीत. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा आधीच बाजूला काढावा, असं माझं मत. हार्ड डिस्क दोन घ्याव्या आणि दोन वेगळ्या घरी ठेवाव्या. कॅमेऱ्याची मोडतोड झाली तर भरपाई कुणी द्यायची, हे भाड्याने घेतानाच लिहून घ्यावं.

आणि गाणं! गोष्टीत रेडिओवर जुनं सिनेमातलं गाणं लागतं, असं मुलं सहज लिहून जातात. त्याचे हक्क कुणाकडे तरी असतात आणि परवानगीला पैसे पडतात. कथेचंही तसंच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. मैत्रिणीच्या भावाला पेटी येत असेल, तर त्याच्याकडून नवी चाल करून घेणं उत्तम.

त्या घरात मायलेकी दोन संध्याकाळ वही घेऊन बसल्या. रात्रीच्या पावसाचा प्रसंग होता. त्याला पाण्याचा टँकर आणि मोठे दिवे लागणार होते. तो दुपारचा आणि कोरडा झाला. स्वयंपाकघर घरचंच घेतलं. दीड लाखाचे ब्याण्णव हजार झाले. पाटल्या कपाटातच राहिल्या. आईने आपल्या आवर्तक ठेवीतले वीस हजार दिले, आणि ते परत मागणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

उरलेल्या पैशांसाठी काढली वर्गणी. गणपतीची काढतो तशी, पावतीपुस्तक छापून. यात लाजण्यासारखं काय आहे? श्याम बेनेगलांचा 'मंथन' १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून झाला. आपल्या स्मिता पाटीलचं त्यातलं काम कोण विसरेल? केरळात जॉन अब्राहम यांच्या मंडळींनी गावोगाव फिरून लोकांकडून पैसे गोळा केले आणि १९८६ साली 'अम्मा अरियान' पुरा केला. हल्ली मोबाइलवरून पैसे धाडता येतात, त्यामुळे शंभर-दोनशे रुपये देणाऱ्याला सोपं जातं. मात्र खातं एकच असावं. पाच मित्रांच्या पाच खात्यांत पैसे आले की हिशेबाचा बट्ट्याबोळ होतो.

देणाऱ्याला खरं ते सांगावं. विद्यार्थ्यांच्या लघुपटातून पैसा सुटणं दुर्मीळ, त्यामुळे काकांना नफ्याचं आमिष दाखवू नये. ही रक्कम देणगी आहे की उसनी, ते पावतीवरच लिहावं. आयकरात सूट मिळेल असंही सांगू नये. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, भाचीला दिलेल्या पैशांवर नाही. कोपऱ्यावरच्या वाणीदादांनी तीन दिवसांचा शिधा दिला तर त्याचीही बाजारभावाने वहीत नोंद करावी, आणि वाणीदादांना पावती द्यावी.

त्या मुलीने पहिला खेळ सोसायटीच्या सभागृहात ठेवला होता. दाराशी टेबलावर जमाखर्चाचा कागद लावला होता. मंडळी चपला काढता काढता वाचत होती. शिल्लक अकराशे चाळीस रुपये होती, आणि ती महोत्सवाच्या फीसाठी ठेवल्याचं खाली लिहिलं होतं. शेवटच्या श्रेयनामावलीत वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव होतं. ती इतकी भराभर वर सरकली की दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना आपलं नाव दिसलंच नाही. मग वडिलांनीच उठून तो भाग पुन्हा लावायला सांगितला.