तीस लाख नावं, वीस ओळी

२०११च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या होती १८,४१,४८८ आणि कल्याण-डोंबिवलीची १२,४७,३२७. बेरीज ३०,८८,८१५. (पुढची जनगणना लांबतच गेली, आजचा आकडा याहून बराच मोठा असणार.) जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम हे पॅकेजांचं, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांचं, भांडारही ३० लाखांच्या पुढे गेलंय. म्हणजे कोपरीपासून टिटवाळ्यापर्यंत माणशी एक पॅकेज.

यातून एक शोधायचं. नाव नेमकं माहीत असेल तर काम अगदीच किरकोळ. यादी अकारविल्हे लावायची, मधोमध उघडायची, नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा. असं २२ वेळा केलं की झालं, कारण २चा २२वा घात ४१,९४,३०४ भरतो. पण नेमकं नाव माहीत असतं कुणाला? सर्चमध्ये लोक जे टाइप करतात ते डोंबिवलीच्या फडके रोडवर उभं राहून "जोशी कुठे राहतात हो?" विचारण्यासारखं असतं. वर घाईत स्पेलिंगही चुकतं.

ही चूक किती महाग पडते पाहा. 'लोडॅश' हे एका पॅकेजचं रोमन लिपीत सहा अक्षरी नाव. एक अक्षर गाळलं, बदललं, जास्तीचं घुसवलं किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तर नुसत्या २६ अक्षरांत ३३७ चुकीची रूपं तयार होतात. दोन चुका धरल्या की आकडा पन्नास हजारांच्या घरात जातो. उलट बाजूने, टाइप केलेला शब्द तीस लाख नावांशी अक्षरागणिक ताडून पाहायचा तर दर शोधाला कोट्यवधी पायऱ्या.

म्हणून नावांचे आधीच तीन-तीन अक्षरी तुकडे करून ठेवतात: एल-ओ-डी, ओ-डी-ए, डी-ए-एस, ए-एस-एच. नुसत्या २६ अक्षरांत असे तुकडे होऊन होऊन होणार १७,५७६. शेवटची दोन अक्षरं उलटी पडली तरी पहिले दोन तुकडे शाबूत राहतात, आणि ताडून पाहायला मूठभर नावंच उरतात.

हे सगळं सर्व्हरवर. पूर्वी एनपीएमचा सर्च अख्ख्या भांडाराची सूची आपल्याच मशीनवर उतरवून घ्यायचा आणि 'जरा धीर धरा' असं सांगायचा. पायथॉनच्या पायपीआय या भांडाराने तर डिसेंबर २०२०मध्ये 'पिप सर्च' ही शोधाची सोय बंदच केली, कारण बहुधा यंत्रांकडूनच येणाऱ्या विचारणांचा भार पेलेना. ती आज्ञा आजही फक्त एरर देते.

खरी कसोटी मात्र क्रमवारीची. एनपीएमची सर्चची आज्ञा एरवी वीसच ओळी दाखवते. तीस लाखांतले वीस! माझ्या मते तिथे वेगापेक्षा शहाणपण मोलाचं: कुणाचे डाउनलोड जास्त, कोण अजून देखभाल करतंय. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला पोरगा एकविसावी ओळ बघायला थांबत नाही. वरचं दिसेल त्यावर इन्स्टॉल मारतो.

हे चोरांनाही कळतं. २०१७मध्ये कुणीतरी 'क्रॉस-ईएनव्ही' या पॅकेजच्या नावातली आडवी रेघ गाळून एनपीएमवर आपलं पॅकेज टाकलं. ते बसवलं की मशीनवरच्या गुप्त किल्ल्या बाहेर जायच्या. त्याच खात्यावर अशी जवळपास चाळीस पॅकेजं सापडली. त्याच वर्षाअखेरीस एनपीएमने नियम केला, की केवळ विरामचिन्हांचा फरक असलेलं नवं नाव घेता येणार नाही.

आता त्याहून अजब प्रकार. टेक्सास विद्यापीठाच्या सॅन अँटोनियो शाखेतल्या आणि इतर संशोधकांनी एआयकडून ५,७६,००० कोडचे नमुने लिहून घेतले. त्यांत २,०५,४७४ वेगवेगळी पॅकेजनावं निघाली, जी कुठेच अस्तित्वात नव्हती. यातली बरीच नावं तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर पुन्हा आली. म्हणजे चोराने त्यातलं एखादं नाव आज आपल्या खात्यावर नोंदवून ठेवलं, तर उद्या सर्च ते अचूक शोधून देईल, अगदी पहिल्या ओळीत.