पेढ्यांचा आकडा, भिंतीचा आकडा

जबलपूरच्या विजय नगरात एखाद्या घरी आजोबांची पंचाहत्तरी करायची ठरली, की आधी चार माणसं जमतात, चहा होतो आणि कागदावर यादी उतरते. सरकारही तेच करतं. तिथे त्या चार माणसांना समिती म्हणतात.

याच शहराने अलीकडे पाचशेवा वाढदिवस पाहिला. गोंडवानाची राणी दुर्गावती 5 ऑक्टोबर 1524 रोजी जन्मली. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधानांनी जबलपुरात तिच्या स्मारक-उद्यानाचं भूमिपूजन केलं. जागा 21 एकर, ब्राँझचा पुतळा 52 फूट, खर्च सुमारे 100 कोटी.

आता एक गंमतीचा हिशेब करू. समजा, अशा उत्सवासाठी 20 जणांची समिती नेमली. वर्षाला चार बैठका. प्रवासखर्च, भत्ता, चहापान धरून दर बैठकीला माणशी 5 हजार. वर्षाचे झाले 4 लाख. या गतीने 100 कोटी संपवायला समितीला 2500 वर्षं बसावं लागेल. म्हणजे आणखी पाच पंचशताब्दी! समिती महाग नसते. महाग असतं ते तिने सुचवलेलं.

सुचवलेल्या गोष्टीला पैसा मिळतो तो लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या क्रमांकित खात्यातून, आणि लेखाशीर्षाचा पहिला आकडा पुष्कळ काही सांगतो. 2205 म्हणजे कला व संस्कृतीवरचा महसुली खर्च: कार्यक्रम, जाहिरात, पगार. 4202 मध्ये शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृतीवरचा भांडवली खर्च येतो: इमारती, बांधकाम. 2 ने सुरुवात झाली तर पेढे, 4 ने झाली तर भिंत!

त्यात पंचांगाचा घोळ. राणीचं वर्ष ऑक्टोबर ते ऑक्टोबर, सरकारचं एप्रिल ते मार्च. म्हणजे एका उत्सवाला दोन अर्थसंकल्प लागतात. 31 मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते. नव्या वर्षी पुन्हा मागावी लागते. मूळ अर्थसंकल्पात राहून गेलं, तर पुरवणी मागणी घेऊन विधिमंडळापुढे जायचं. जयंतीची तारीख पाचशे वर्षं आधी ठाऊक असते, तरीही! अमेरिकेने 2026 सालच्या अडीचशेव्या वाढदिवसासाठी आयोग नेमला तो 2016 मध्येच.

रक्कम ठरते कशी? महात्मा गांधींच्या 150 व्या जयंतीसाठी केंद्राच्या 2018-19 च्या अर्थसंकल्पात 150 कोटी होते. शिवराज्याभिषेकाच्या 350 व्या वर्षासाठी महाराष्ट्राच्या 2023-24 च्या अर्थसंकल्पात 350 कोटी. मंडपवाल्याने वयाएवढं बिल लावावं तसं! एरवी रुपया-आणा-पैचा हिशेब मागणारं अर्थखातं इथे यमक जुळवतं.

पण भिंत उभी राहिली की तिची झाडलोट, वीज, बागेचं पाणी, पहारेकरी हा खर्च पुन्हा 2 च्या आकड्याकडे येतो आणि दरवर्षी येत राहतो. समारंभाच्या दिवशी जाहीर झालेल्या आकड्यात तो दिसत नाही.

जबलपूरला हे कळायला स्मारकाची वाट पाहावी लागत नाही. राणीताल राणीचं, चेरीताल तिच्या दासीचं, आधारताल दिवाण आधारसिंहाचं, असं इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. तळी खोदली ती एकदाच. तो 4 चा खर्च सोळाव्या शतकातच संपला. गाळ मात्र अजूनही साचतो, आणि तो काढायचा खर्च 2 ने सुरू होतो.