कचऱ्याच्या ढिगावरचे रान

धारावी बस डेपोच्या समोर, वांद्रे-सायन लिंक रोडला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जागा सुमारे ३७ एकर. आपले हजारो कष्टकरी बांधव रोज बसच्या खिडकीतून त्याचे कुंपण पाहतात. पण आत पाऊल टाकलेली कुटुंबे आपल्या वस्तीत किती, हे ज्याने त्याने घरीच विचारून पाहावे.

हे रान मुळातले नव्हे. येथे मुंबईचा कचरा पडत असे. ऐंशीच्या दशकात त्या ढिगावर माती टाकून झाडे लावायला सुरुवात झाली आणि १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले. कारभार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे.

"तिथे झोपाळे नाहीत, घसरगुंडी नाही, मग पाहायचे काय?" असे काहीजण विचारतात. बागेत पडलेले पान झाडून काढतात. रानात ते जागीच कुजते. त्याचे खत होते, खतात गांडुळे व किडे येतात, त्यांना टिपायला पक्षी येतात आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची नवी रोपे उगवतात. पायवाटेने सावकाश चालले, दोन मिनिटे गप्प उभे राहिले, की मुलांना हे सारे डोळ्यांनी दिसते. पुस्तकातला धडा पाठ करण्यापेक्षा ते बरे. नदीच्या अंगाला तिवरांची झाडी आहे. मिठीचा वासही येतो, तो लपवण्यात अर्थ नाही.

फुलपाखरांचे माताभगिनींना विशेष सांगावेसे वाटते. डब्यात लावलेल्या कढीपत्त्यावर हिरवी अळी दिसली की आपण ती चिरडतो. पुष्कळदा ती काळ्या रंगाच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या फुलपाखराची असते. रुईच्या पानांवर वाढणारी अळी वेगळी, तिचे फुलपाखरू नारिंगी. ज्या त्या फुलपाखराचे झाड ठरलेले असते. झाड गेले की तेही गेले.

धारावी पुनर्विकासाच्या हद्दीत हे उद्यान ओढले जाण्याची भीती २०१८ साली निर्माण झाली, तेव्हा नागरिकांनी हरकती घेतल्या. प्रकरण पुढे उच्च न्यायालयातही गेले. आपल्या लोकांना पक्की घरे मिळालीच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण घर हवे तर झाडे सोडा, हा हिशेब नेमका गरिबांपुढेच का मांडला जातो? ज्याची खोली दहा बाय दहाची, त्याच्या मुलांना मोकळ्या हवेची गरज अधिक. गावचे रान दाखवायचे तर सगळ्या घराचे एस.टी.चे भाडे जमवावे लागते. हे रान सायन स्टेशनपासून जवळ आहे.

पावसाळा सरता सरता फुलपाखरे भरपूर असतात, थंडीत पक्षी. सकाळी लवकर जावे, पाण्याची बाटली न्यावी, आणि मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. जाण्यापूर्वी प्रवेशाच्या वेळेची चौकशी करावी.