बॅटरी काढली, मग ठिणगी कुठून?

जुनी बुलेट नव्या घाटात बांधून घेणाऱ्याची एक मागणी ठरलेली असते: बॅटरी दिसायला नको. कॅफे रेसर म्हणा नाही तर बॉबर, सीटखालचा आणि इंजिनामागचा त्रिकोण मोकळा असला, आरपार पलीकडची भिंत दिसली, की गाडी 'जमली' असं मानतात. यात दिखावा आहे, हे खरंच. पण दुसरं कारणही आहे. हौसेची गाडी आठवड्यातून एकदा निघते, पावसाळ्यात दोन-दोन महिने निघतच नाही. उभ्या गाडीतली लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट चढतं, आणि आमच्या भिलाईच्या मे महिन्यात हे काम आणखी लवकर उरकतं. दर एक-दोन वर्षांनी नवी बॅटरी घेण्यापेक्षा ती नकोच, असं कुणाला वाटलं तर त्यात वावगं काही नाही.

भिलाई हे अशा उद्योगांना पोषक गाव आहे. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि तिच्याभोवती फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांची वस्ती सेक्टरवार वसली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबंही होती. त्या काळातल्या देशी मोटरसायकलींची कुळंही पाहण्यासारखी आहेत. राजदूतचं मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीत, १९६१पासून म्हैसूरला बनू लागलेल्या जावाचं चेकोस्लोव्हाकियात. मद्रासची बुलेट तेवढी इंग्रजी घराण्यातली. रशियन भट्टीच्या गावात पोलिश आणि चेक वंशाची फटफटी, असा तो जमाना होता. वायरिंगच्या दृष्टीने मात्र ही घराणी एक नाहीत, आणि बॅटरी काढायची तर आधी कुळ तपासावं लागतं.

बॅटरीशिवाय गाडी चालणं ही मुळात नवलाई नाहीच. बॉशच्या कारखान्यात १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार झाला, तेव्हापासून इंजिन स्वतःची ठिणगी स्वतः पाडत आलं आहे. चुंबक फिरतो, कॉइलमध्ये वीज उपजते, पॉइंट उघडतो, प्लग पेटतो. बाहेरून उसनं काही घ्यावं लागत नाही. १९७२ साली पुण्याहून निघालेली लूना याच तत्त्वावर पळाली. बॅटरी नसलेल्या जुन्या बजाज स्कूटर ज्यांनी चालवल्या, त्यांना सिग्नलला मंदावणारा आणि ॲक्सिलरेटर पिळताच उजळणारा दिवा वेगळा सांगायला नको. नंतरच्या शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत एसी सीडीआय होतं. बॅटरी मेली तरी किकवर त्या सुरू व्हायच्या.

पॉइंटवाल्या कास्ट आयर्न बुलेटचं तसं नाही. तिच्या इग्निशन कॉइलला डीसी वीज लागते आणि ती बॅटरीतून येते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो. ते उघडले की तो तुटतो आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उठतो. अल्टरनेटर वीज करतो, पण एसी. रेक्टिफायरमधून गेल्यावर ती डीसी होते खरी, तरी तुटक असते. लुकास कंपनीच्या धाटणीच्या अल्टरनेटरच्या रोटरला सहा ध्रुव. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर आयडल करत असेल तर सेकंदाला साधारण शंभर लाटा येतात आणि दोन लाटांच्या मध्ये व्होल्टेज शून्याकडे जातं. नेमक्या त्या क्षणी पॉइंट उघडला तर ठिणगी बोंबलते. हा सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा खंड भरून काढायला अख्खी बॅटरी लागत नाही. कॅपॅसिटर पुरतो.

लुकास कंपनीने हे साठच्या दशकातच ओळखलं होतं. ट्रायम्फ आणि बीएसएच्या माळरानावर पळणाऱ्या गाड्यांसाठी तिने २एमसी नावाचा निळा कॅपॅसिटर काढला, सुमारे ५००० मायक्रोफॅरडचा. स्प्रिंगमध्ये अडकवून, टर्मिनल खाली ठेवून तो बसवायचा. आज त्याच कामाला बाजारात सहज मिळणारा ४७०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर चालतो. पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे आकड्यांत पाहिलेलं बरं. बारा व्होल्टला त्यात साठते जेमतेम एक तृतीयांश ज्यूल ऊर्जा; १२ व्होल्ट ५ अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत २ लाख १६ हजार ज्यूल. म्हणजे सहा लाख पटींहून जास्त फरक. बॅटरी ही गच्चीवरची टाकी असेल तर कॅपॅसिटर हा नळाखाली धरलेला तांब्या. नळ चालू आहे तोवरच त्याचा उपयोग.

जोडणी तशी सोपी आहे. अल्टरनेटरच्या वायरी रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये, तिथून निघालेल्या डीसीच्या दोन टोकांवर कॅपॅसिटर, पुढे फ्यूज, मग चावी. चावीनंतर दोन वाटा: एक थेट इग्निशन कॉइलला, दुसरी वेगळ्या स्विचमधून दिवे आणि हॉर्नला. हा वेगळा स्विच गाळू नका. कॉइलचा तीन अँपिअरचा भार पाच मिलिसेकंदांत या कॅपॅसिटरचं व्होल्टेज तीनेक व्होल्टने खाली आणतो. त्यात साठ वॉटचा हॅलोजन जोडलात तर ही घसरण आठ व्होल्टच्या वर जाते. किक मारताना दिवा चालू राहिला तर पाय दुखेल, गाडी सुरू होणार नाही.

रेग्युलेटरवर पैसे वाचवू नयेत. बॅटरी असते तेव्हा ती जादा व्होल्टेज पोटात घेते. ती गेल्यावर वाढत्या आरपीएमचा सगळा मार बल्बवर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर येतो. कॅपॅसिटर निदान २५ व्होल्टचा, जमल्यास त्याहून मोठा, आणि १०५ अंश तापमानाला टिकणारा घ्यावा. तो इंजिनापासून लांब, रबरात बसवावा. प्लस-मायनस उलटं झालं तर तो फुगून फुटतो, आणि जुन्या इंग्रजी गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो, म्हणून आधी अर्थ कुठला ते पाहावं. पॉइंटजवळचा कंडेन्सर वेगळा. त्याला हात लावायचा नाही. काही गाड्यांत अल्टरनेटरच्या मॅग्नेट कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं. फुल वेव्ह रेक्टिफायर लावायचा तर ते टोक सोडवून स्वतंत्र वायरीने बाहेर काढावं लागतं. 'बॅटरी काढून बघितलं, जमत नाही' अशी तक्रार ऐकू आली की मी पहिला संशय या अर्थवर घेतो.

डायनामोच्या जुन्या जावाला हा उपाय लागू नाही. डायनामोत कायमचा चुंबक नसतो. थोडं उरलेलं चुंबकत्व आणि बऱ्यापैकी वेग मिळाल्यावरच तो वीज करू लागतो, आणि किकच्या एखाददोन फेऱ्यांत ते होत नाही. कितीही मोठा कॅपॅसिटर लावा, रिकाम्यात काय साठवणार?

बुलेटवाल्यांची एक जुनी सवयही बॅटरीबरोबर जाते. चावी लावून किक हळू दाबायची, ॲमीटरचा काटा मायनसवरून मध्यावर परतला की पॉइंट उघडले असं समजायचं, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा आणि मग पूर्ण ताकदीची लाथ. इंजिन बंद असताना वाहायला वीजच नाही, म्हणजे काटाही हलणार नाही. आता पायाच्या अंदाजावर कॉम्प्रेशन ओळखायचं. अर्धवट किक तर विसराच. रोटर जोरात फिरला तरच पहिली ठिणगी. यात एक फायदाही आहे: चावी चालू राहून कॉइल जळण्याची धास्ती संपते.

खरी अडचण रस्त्यावर. भिलाईत सुपेला किंवा पॉवर हाऊसच्या गर्दीत गाडी आयडलवर आहे, ब्रेक दाबला, २१ वॉटचा ब्रेक लाइट लागला, आणि इंजिन आचके देऊ लागलं. उपाय एलईडीचा: मागचा दिवा, इंडिकेटर आणि त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, पुढेही पंधरा-वीस वॉटचा, समोरच्याला न दिपवणारा दिवा. तरीही एक उणीव उरतेच, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. इंजिन बंद पडलं की गाडी पूर्ण काळोखी. राष्ट्रीय महामार्ग ५३वर रात्री ट्रकांच्या रांगेत मागचा लाल दिवा नसलेली मोटरसायकल कडेला ढकलणं हा विनोद नाही. निदान चांगला रिफ्लेक्टर तरी लावा.

आणि कायद्याचा प्रश्न आला तर 'व्हिंटेज' शब्दावर विसंबू नका. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी होते ती पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची. चॅसिस किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. कापून जोडलेली चॅसिस तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली अडचणीत येते. उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. फ्रेमला हात न लावता केलेलं वायरिंग हे त्या मानाने साधं काम. परवडणारं आणि हवं तेव्हा उलटवता येणारं.

तेव्हा अल्टरनेटरची, किकवर सुरू होणारी, फक्त रविवारी निघणारी गाडी असेल तर बॅटरी खुशाल काढा. सेल्फ-स्टार्टची किंवा फ्युएल इंजेक्शनची असेल तर तो नाद सोडा. आणि रोज रात्रपाळीला न्यायची असेल, तर सीटखाली मुठीएवढी लिथियम बॅटरी लपवा. त्रिकोण जवळजवळ तेवढाच मोकळा दिसतो आणि मागचा दिवा लागलेला राहतो.