कुरोसावांच्या यादीतली एक वही

जपानचे थोर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा १९९८ साली वारले. आपल्या आवडत्या शंभर चित्रपटांची यादी ते मागे ठेवून गेले. एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट घ्यायचा, हा त्यांचा नियम. त्या यादीत आपल्या सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आहे, तसाच इराणच्या अब्बास कियारोस्तामींचा १९८७ चा ‘मित्राचे घर कुठे आहे?’ हाही आहे. राय यांच्या निधनाने झालेले दुःख कियारोस्तामींचे चित्रपट पाहून हलके झाले, अशा आशयाचे उद्गारही कुरोसावांनी काढले होते. ‘सेव्हन सामुराई’ काढणाऱ्या माणसाला आठ वर्षांच्या मुलाच्या गोष्टीत एवढे काय दिसले असेल?

गोष्ट साधीच आहे. कोकेर गावच्या अहमदच्या दप्तरात वर्गमित्राची वही चुकून येते. गुरुजींनी त्या मित्राला बजावलेले असते, ‘पुन्हा गृहपाठ वहीत नसला तर शाळेतून काढीन.’ म्हणजे वही आजच पोहोचायला हवी. आई म्हणते, आधी अभ्यास कर, मग रोटी आण. आजोबा तर जवळ सिगारेट असूनही त्याला सिगारेट आणायला पिटाळतात. पोराला शिस्त लागावी म्हणून! अहमद टेकडी ओलांडून पोश्ते गावी धावतो, दारोदार विचारतो. अंधार पडतो, पण घर सापडत नाही. शेवटी रात्री तो मित्राचा गृहपाठ स्वतःच लिहितो आणि सकाळी वही त्याच्या हाती देतो.

यात दुष्ट कुणीच नाही. मोठ्यांना फक्त ऐकायला सवड नाही. मुलाने आपले ऐकावे, हे सगळ्यांना हवे. त्याचे ऐकायला मात्र कुणी थांबत नाही. अमानत ज्याची त्याला पोहोचवावी, ही सूरह निसाची शिकवण आपण मुलांकडून पाठ करून घेतो. अहमद ती जगतो, आणि त्याच वेळी घरात अवज्ञा करणारा ठरतो.

दुसऱ्याचा गृहपाठ लिहिणे आम्हा शिक्षकांच्या नियमात बसत नाही, हे खरे. पण वर्गात नियम पाळणारी मुले पुष्कळ भेटतात. मित्रासाठी टेकडी चढणारी क्वचितच.

हा चित्रपट घरात सर्वांनी मिळून पाहण्यासारखा आहे. पाहून झाल्यावर मुलांना उपदेश करू नये. ‘तू अहमदच्या जागी असतास तर काय केले असतेस?’ एवढेच विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.