‘ब’ कावीळ आणि निबर झालेले यकृत

कावीळ म्हटली की आपल्याकडे आधी उसाचा रस, मग झाडपाला आणि अगदी शेवटी डॉक्टर, असा क्रम लागतो. ‘ब’ प्रकारच्या काविळीत तो फार महागात पडतो. कारण तिचा विषाणू पुष्कळदा डोळे पिवळे न करताच वीस-तीस वर्षे यकृतात मुक्काम करून असतो. बारूक ब्लुमबर्ग यांना १९६५ च्या सुमारास त्याची खूण सापडली. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की हा विषाणू स्वतः यकृत खात नाही. त्याला हुडकताना आपल्याच रक्तातील रक्षक पेशी यकृताच्या पेशी मारतात. तेथे वण पडतात, यकृत निबर व गाठाळ होते. मग आतड्याकडून येणारे रक्त तुंबते. पोटात पाणी साचते. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. न गाळलेली विषद्रव्ये मेंदूत जाऊन माणूस रात्री जागतो, दिवसा झोपतो, बरळतो. पोट फुगलेले दिसले की शेजारी ‘पीत असेल’ म्हणून मोकळे होतात. दारूला न शिवलेल्या माणसावरही हा आळ येतो!

टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर ही रोजची गोळी विषाणूची वाढ रोखते. वर्षानुवर्षे घेतल्यास अनेकांचे वणही काहीसे विरतात. परंतु पेशीच्या गाभ्यात विषाणूचा मूळ साचा शिल्लक राहतो. म्हणून यकृत निबर झालेल्याने गोळी बहुधा जन्मभर घ्यावयाची असते. बरे वाटते म्हणून ती सोडली, तर रोग उसळून जीवावर बेततो. कर्करोगाचा धोका गोळीने घटतो, पण संपत नाही. यास्तव दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच.

रक्तात ‘ब’ निघाला म्हणून कामावरून कमी केलेले कामगार आम्ही पाहिले आहेत. त्या धास्तीने इतरजण गोळ्या लपवतात, मग टाळतात. वास्तविक एका ताटात जेवल्याने, एका यंत्रावर काम केल्याने हा रोग लागत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून व बाळंतपणात आईकडून मुलाला जातो. घरच्यांनी रक्त तपासून लस घ्यावी. नवजात बालकाला ती चोवीस तासांच्या आत द्यावी. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत तपासणी व औषध मोफत आहे. आणि निबर यकृताच्या रोग्याला डांबरासारखे काळे शौचास झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.