दगड आणि पाणी (लेखांक ६) : नदी बुडते ते गाव

मागच्या आठवड्यात आपण निघोजला कुकडीच्या पात्रात होतो. गोटे गरगरा फिरवत पाण्यानं कातळात रांजणखळगे कसे कोरले, ते पाहिलं. तो घासण्याचा प्रकार होता. पाण्याला दगड खाण्याची दुसरीही एक रीत येते, विरघळवण्याची. ती आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर फारशी चालत नाही. म्हणूनच अजिंठा-वेरूळला डोंगराच्या पोटात शिरायचं तर माणसाला छिन्नी-हातोडी घ्यावी लागली. चुनखडीच्या मुलखात हे काम पाऊसच करतो. ते पाहायला स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्येकडच्या क्रास पठारासारखी जागा नाही. शाळेच्या भूगोलात आपण ज्या भूरूपांना ‘कार्स्ट’ म्हणून शिकलो, त्यांना नाव मिळालं ते याच पठारावरून.

ल्युब्लियानाहून सकाळच्या बसनं पोस्तोयनाला निघालं की तासाभरात देखावा पालटतो. पाऊस इथं भरपूर पडतो, झाडी हिरवीगार असते, पण ओढा दिसत नाही. जमिनीत जागोजागी खोलगट वाडगे पडलेले असतात. हीच ती विलयछिद्रं. माती वाहून त्यांच्या तळाशी जमते, म्हणून शेतकरी शेतीही तिथंच करतात. पाणी वर थांबतच नाही. दिवसभर आम्ही त्या पाण्याच्या मागे गेलो.

पावसाचा थेंब हवेतून थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, पण त्याला खरा साठा मिळतो तो मातीत. मुळं आणि सूक्ष्मजीव मातीत सतत श्वसन करत असतात, तो वायू पाण्यात मिसळतो आणि पाणी सौम्य आम्ल होतं. हे पाणी चुनखडीच्या भेगांतून झिरपताना दगड विरघळवत जातं आणि शेवटी गुहेच्या छतातून बाहेर पडतं. गुहेच्या हवेत हा वायू मातीतल्यापेक्षा कमी असतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर वायू निसटावा, तसा तो थेंबातून निसटतो. त्याबरोबर चुना धरून ठेवण्याची पाण्याची ताकद कमी होते आणि कॅल्साइटचा सूक्ष्म थर मागे राहतो. पुष्कळांना वाटतं की पाणी वाळून चुना उरतो. पण गुहेतली हवा इतकी दमट असते की तिथं वाळायला फारसा वावच नसतो. सगळा खेळ त्या वायूच्या जाण्याचा आहे.

पोस्तोयनाच्या गुहेत आत जायला आगगाडी आहे. 1872 साली इथं पहिल्यांदा रूळ टाकले, तेव्हा गाईड प्रवाशांना डब्यात बसवून हातानं ढकलत नेत. 1884 मध्ये विजेचे दिवे आले. आजची गाडी विजेवर चालते आणि छत इतकं जवळून जातं की मान आपोआप खाली जाते. दाराजवळच्या भिंती मात्र काळ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथं इंधनाचा साठा केला होता, तो 1944 मध्ये पार्टिझन सैनिकांनी पेटवून दिला. ती काजळी अजून तशीच आहे. ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ साधारण दहा ते तीस वर्षांत एक मिलिमीटर वाढतो असं तिथं सांगतात. हा वेग त्या काळ्या भिंतींसमोर उभं राहिल्यावर पटतो.

आतली मोठी दालनं उजेडात आली 1818 मध्ये. ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्झ भेटीला येणार होता, त्यासाठी दिव्यांची व्यवस्था करणाऱ्यांत लुका चेच नावाचा स्थानिक माणूस होता. पुढं वाट असल्याचं त्यानं शोधून काढलं आणि आज चोवीस किलोमीटरांहून जास्त मोजली गेलेली ही गुहा खऱ्या अर्थानं उघडली. डोळे नसलेला, लांब पायांचा एक भुंगाही त्यालाच सापडला. 1832 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि गुहेतल्या किड्यांचा अभ्यास तिथून सुरू झाला.

गाईड लवणस्तंभांत आकार दाखवत जातात. माझं मत विचाराल तर त्यात वेळ घालवू नये. थेंब कुठून पडतो ते पाहावं. छतावरून सरळ लोंबणाऱ्या बारीक नळ्या, त्यांच्या टोकाला थबकलेला थेंब आणि खाली त्याच रेषेत वर येणारा खांब. पांढराशुभ्र असेल तर कॅल्साइट शुद्ध, तांबूस असेल तर वरच्या मातीतलं लोह आलेलं. ‘ब्रिलियंट’ नावाचा पाच मीटर उंचीचा शुभ्र स्तंभ या गुहेची ओळख झाला आहे, आणि त्याचं कौतुक होतं ते योग्यच आहे. पण आपण ज्या बोगद्यांतून चालतो ते पिवका नदीनं कोरून सोडून दिलेले आहेत, हे विसरू नये. नदी आता खालच्या मजल्यावरून वाहते.

त्या पाण्यात प्रोटियस राहतो. पाव मीटरभर लांब, गुलाबीसर, डोळे कातडीखाली बुजलेले, मानेशी लाल कल्ले, पुढच्या पायांना तीन आणि मागच्यांना दोन बोटं. कातडीच्या रंगामुळे स्लोव्हेनियन लोक त्याला माणूसमासा म्हणतात, पण तो मासा नसून उभयचर आहे. पुराच्या पाण्याबरोबर तो कधी वर फेकला जाई, तेव्हा गावकऱ्यांना ते जमिनीखालच्या ड्रॅगनचं पिल्लू वाटे. इतिहासकार वाल्वासोरनं 1689 मधल्या आपल्या ग्रंथात ही समजूत नोंदवून ठेवली आहे. शंभर वर्षांपर्यंत जगू शकणारा हा प्राणी सरासरी साडेबारा वर्षांतून एकदा अंडी घालतो. बोस्निया-हर्झगोविनातल्या एका गुहेत संशोधकांनी खूण केलेला एक प्रोटियस 2,569 दिवस जागचा हललाच नव्हता. 2016 मध्ये पोस्तोयनातल्या काचेच्या टाकीत एका मादीनं 64 अंडी घातली आणि वीसहून अधिक पिल्लं जगली, तेव्हा सगळा देश त्यांच्याकडे डोळे लावून बसला होता.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वाळू-मातीच्या जमिनीत पाणी गाळून खाली जातं. चुनखडीच्या भेगांत गाळायला काही नसतं. वर शेतात टाकलेलं खत, सांडलेलं तेल, गटाराचं पाणी थेट प्रोटियसच्या घरात पोचतं. देशाच्या आग्नेयेकडच्या बेला क्रायना भागात एका कपॅसिटर कारखान्याचं विषारी द्रव्य क्रुपा नदीच्या झऱ्यात उतरलं. ते 1980च्या दशकात उघडकीला आलं आणि तिथल्या प्रोटियसच्या शरीरातही साठलेलं सापडलं. स्लोव्हेनियात निम्म्याच्या आसपास लोक अशाच चुनखडीतलं पाणी पितात. पाठ्यपुस्तकात ‘कार्स्ट’ शिकवताना ही गोष्ट आधी सांगायला हवी, लवणस्तंभ नंतर.

दुपारी श्कोत्सियानला गेलो. युनेस्कोनं 1986 मध्ये यादीत घेतलेल्या या गुहांत आगगाडी नाही, पायीच चालायचं. इथं नदी अजून कामावर आहे. रेका नदी स्नेझनिक डोंगराच्या पायथ्याकडून येते, वाटेत बराच काळ तिला पाणी न झिरपणारा खडक मिळतो, आणि चुनखडी लागताच ती श्कोत्सियान गावाखाली जमिनीत शिरते. आधी शांत, कोरडी दालनं लागतात. मग आवाज येतो. वळण घेतलं की छत दिव्यांच्या पलीकडे नाहीसं होतं आणि पायांखाली आख्खी दरी असते. चेर्क्वेनिक पूल नदीपासून 45 मीटर उंचीवर आहे. पुलावर पुढचा माणूस बोललेला ऐकू येत नाही.

समोरच्या कड्यावर अरुंद पायऱ्यांची रेघ दिसते. 1884 पासून हांके, मारिनिच आणि म्यूलर या तिघांनी इथं पद्धतशीर शोध घेतला. गावातली माणसं बरोबर होती, आणि कड्यात पायऱ्या खोदल्या त्या त्यांनीच, धो धो वाहणाऱ्या पाण्यावर, हातातल्या उजेडात. 1890 मध्ये ते गुहेच्या टोकाच्या मृत सरोवरापर्यंत पोचले. पर्यटकांना न दाखवलं जाणारं मार्तेल दालन याच वाटेवर आहे, वीस लाख घनमीटरांहून मोठं. एवढ्या पोकळीलाही 1965च्या पुरात रेकाचं पाणी मावेना. पुढची वाट चिंचोळी असल्यानं ते शंभर मीटरांहून अधिक वर चढलं.

मृत सरोवरापुढं नदी दिसत नाही. ती सीमेपलीकडे इटलीत, त्रिएस्तेजवळ दुईनोला टिमाव्हो नावानं वर येते, मध्ये तीसेक किलोमीटर अंधारात काढून. दोन्ही पाणी एकच, हे सिद्ध करायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीत रसायनं सोडली गेली आणि पुढं चक्क खुणा केलेले वाम मासेही. त्या प्रयोगांची हकीकत पुढच्या आठवड्यात.